जीवशास्त्राच्या आकलनासाठी आवश्यक रसायनशास्त्रीय संकल्पना : एक विवेचन

सारांश : सजीवांतील प्रक्रियांचे वर्णन पाठ करणे आणि त्या प्रक्रिया तशाच का घडतात हे समजणे या दोन भिन्न बाबी होत. दुसरी बाब साध्य होण्यासाठी रसायनशास्त्रातील मोजक्या संकल्पनांचे पक्के आकलन पुरेसे असते. प्रस्तुत लेखात पाण्याची ध्रुवीयता, मोल व संहती, परासरण, सामू व बफर, मुक्त ऊर्जा आणि दुर्बल बंध या संकल्पनांचे विवेचन जलसंजीवनी, रक्ताचा सामू, एटीपी आणि सिकलसेल आजार या उदाहरणांच्या आधारे केले आहे.

बीजसंज्ञा : ध्रुवीयता, हायड्रोजन बंध, मोल, परासरण, सामू, मुक्त ऊर्जा, सिकलसेल.

प्रस्तावना

इ. स. १८२८ मध्ये फ्रीडरिश व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने अमोनियम सायनेट या लवणापासून युरिया तयार केला. सजीवांच्या शरीरातील पदार्थ केवळ एखाद्या जीवनशक्तीच्या योगानेच निर्माण होऊ शकतात, असा त्या काळी समज होता. व्होलरच्या एका प्रयोगाने हा चैतन्यवाद संपुष्टात आला असे पाठ्यपुस्तकांत सांगितले जाते. ते तितकेसे खरे नाही. हे मत त्यानंतरही अनेक दशके टिकून होते. १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर याने यीस्टच्या पेशी चिरडून काढलेला, एकही जिवंत पेशी नसलेला रस साखरेचे किण्वन करतो हे दाखवून दिले, तेव्हा मात्र या वादाचा पाया डळमळला. या कार्यासाठी त्याला १९०७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले आणि ते रसायनशास्त्राचे होते, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

त्यानंतर शतकाहून अधिक काळ लोटला. तथापि महाविद्यालयीन अध्यापनात रसायनशास्त्र व जीवशास्त्र ही दोन पुस्तके, दोन तासिका आणि दोन प्रयोगशाळा यांत विभागलेली राहिली आहेत. परिणामी विद्यार्थी रसायनशास्त्राच्या तासाला सामूची गणिते सोडवतो आणि जीवशास्त्राच्या तासाला ‘रक्ताचा सामू ७.४ असतो’ हे वाक्य पाठ करतो. परंतु दोन्हींमध्ये काही संबंध आहे हे त्याच्या ध्यानात येतेच असे नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू संपूर्ण रसायनशास्त्राचा आढावा घेण्याचा नाही. ज्या संकल्पनांवाचून जीवशास्त्र ही केवळ नावांची यादी ठरते, अशा निवडक संकल्पनांचाच येथे विचार केला आहे. अन्य विद्याशाखांतील अध्यापकांनाही विषय सुगम व्हावा म्हणून रासायनिक सूत्रे व समीकरणे टाळली आहेत.

मूलद्रव्ये, बंध आणि पाणी

मानवी शरीराच्या वस्तुमानाचा सुमारे ९६ टक्के भाग ऑक्सिजन, कार्बन, हायड्रोजन व नायट्रोजन या केवळ चार मूलद्रव्यांनी बनलेला आहे. कार्बनचा अणू चार सहसंयुज बंध तयार करतो आणि त्यामुळे लांब साखळ्या, फांद्या व वलये असलेले रेणू शक्य होतात, हे सर्वश्रुत आहे. जीवशास्त्राच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची बाब अशी की, दोन अणूंमध्ये वाटून घेतलेले इलेक्ट्रॉन नेहमीच समसमान वाटले जात नाहीत. ऑक्सिजनची विद्युतऋणता हायड्रोजनपेक्षा बरीच अधिक असल्याने पाण्याच्या रेणूतील इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे ओढले जातात. ऑक्सिजनच्या बाजूस अंशतः ऋण आणि हायड्रोजनच्या बाजूस अंशतः धन प्रभार निर्माण होतो. या असमान वाटणीलाच ध्रुवीयता म्हणतात. जीवशास्त्रातील कितीतरी ‘का’ या प्रश्नांची उत्तरे या एका शब्दापाशी येऊन थांबतात.

एका रेणूतील अंशतः धन हायड्रोजन शेजारच्या रेणूतील ऑक्सिजनकडे आकर्षिला जातो; हा हायड्रोजन बंध होय. ऑक्सिजन व हायड्रोजन यांमधील सहसंयुज बंध तोडण्यास दर मोलला सुमारे ४६० किलोज्यूल ऊर्जा लागते, तर पाण्यातील हायड्रोजन बंधास सुमारे २० किलोज्यूल पुरते. पाण्यातील हे बंध सेकंदाच्या अब्जांशापेक्षाही कितीतरी कमी काळ टिकतात, तुटतात व नव्याने जुळतात. मात्र कोणत्याही क्षणी त्यांची संख्या प्रचंड असते. म्हणूनच पाणी तापवण्यास व त्याची वाफ करण्यास अधिक उष्णता लागते. त्वचेवरील एक लिटर घाम पूर्णपणे बाष्पीभूत झाला तर तो शरीरातून सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात माठातील पाणी गार होते आणि मुंबईच्या दमट हवेत घाम नुसताच निथळतो, शरीर निववीत नाही, याचे कारण एकच आहे : बाष्पीभवन झाले तरच बंध तुटतात व उष्णता खर्ची पडते.

तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत याचे स्पष्टीकरण देताना तेलाचे रेणू पाण्याला ‘भितात’ किंवा त्याचा ‘द्वेष करतात’ असे सांगण्याचा प्रघात आहे. ‘जलविरोधी’ ही संज्ञाही तोच समज पोसते. वस्तुतः तेल व पाणी यांच्या रेणूंत अपकर्षण नसते. क्षीण आकर्षणच असते. परंतु तेलाच्या रेणूभोवती पाण्याच्या रेणूंना आपले परस्परबंध राखण्यासाठी विशिष्ट रचनेत उभे राहावे लागते आणि त्यांचे स्वातंत्र्य कमी होते. तेलाचे कण एकत्र आले की पाण्याशी भिडणारा एकूण पृष्ठभाग घटतो आणि पाण्याचे रेणू मोकळे होतात. म्हणजेच तेलाला एकत्र आणणारे मुख्यतः पाणीच होय. पेशीपटलातील मेदरेणूंचे दुपदरी अस्तर आणि प्रथिनांच्या साखळीची घडी, दोन्हींच्या मुळाशी हीच प्रेरणा आहे. तिचा संदर्भ पुढे सिकलसेलच्या विवेचनात पुन्हा येईल.

मोल, संहती व परासरण : जलसंजीवनीचे उदाहरण

मोल ही संकल्पना विद्यार्थ्यांना रुक्ष वाटते. तिचे महत्त्व पटवून देण्यास जलसंजीवनीपेक्षा, म्हणजेच ओआरएसपेक्षा, चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. १९७१ च्या बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांत कॉलऱ्याची साथ पसरली. शिरेतून देण्याचे द्रावण अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांचे पाण्यातील द्रावण रुग्णांना तोंडाने पाजण्याचा निर्णय घेतला. तेथील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले. डॉ. महालनोबिस यांचे २०२२ मध्ये निधन झाले; २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

या उपचारामागील तत्त्व रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडले होते. लहान आतड्याच्या पेशींच्या पटलावर एक वाहक प्रथिन असते. ते ग्लुकोजचा एक रेणू सोडियमच्या दोन आयनांसह पेशीत घेते. एकट्या ग्लुकोजला वा एकट्या सोडियमला ते आत नेत नाही. हे दोन्ही आत गेले की त्यांच्यामागोमाग पाणी जाते. कॉलऱ्याचे विष आतड्यातून क्लोराइड व पाणी बाहेर फेकण्यास भाग पाडते, परंतु या वाहक प्रथिनास धक्का लावत नाही. एक दार सताड उघडे पडून घर रिकामे होत असताना दुसरे दार अजून शाबूत असते, आणि जलसंजीवनी त्या दुसऱ्या दाराने आत येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात निर्जल ग्लुकोज १३.५ ग्रॅम, सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम व ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. ग्रॅममधील या आकड्यांकडे पाहिल्यास ग्लुकोज मिठाच्या पाचपट आहे एवढेच दिसते. वाहक प्रथिन मात्र ग्रॅम जाणत नाही. ते कणांची संख्या जाणते. ग्लुकोजच्या एका मोलचे वस्तुमान १८० ग्रॅम असल्याने १३.५ ग्रॅम म्हणजे ७५ मिलिमोल झाले. मिठाच्या एका मोलचे वस्तुमान ५८.५ ग्रॅम आहे, म्हणून २.६ ग्रॅम मिठातून सुमारे ४५ मिलिमोल सोडियम मिळते. सायट्रेटच्या प्रत्येक रेणूतून सोडियमचे तीन आयन सुटतात. त्यातून आणखी ३० मिलिमोल येते. बेरीज ७५. म्हणजे ग्लुकोज आणि सोडियम यांची कणसंख्या तंतोतंत समान ठेवलेली आहे. ग्रॅमच्या भाषेत जे योगायोगाचे वाटते, ते मोलच्या भाषेत हेतुपूर्वक केलेले दिसते.

आता परासरणाचा विचार करू. पाणी पटलातून कमी कणसंख्येच्या बाजूकडून अधिक कणसंख्येच्या बाजूकडे जाते. कण कोणते आहेत याला येथे महत्त्व नाही, ते किती आहेत याला आहे. वरील द्रावणात ग्लुकोज ७५, सोडियम ७५, क्लोराइड ६५, पोटॅशियम २० व सायट्रेट १० मिळून दर लिटरला २४५ मिलिऑस्मोल कण भरतात. रक्तद्रवात हेच प्रमाण २९० च्या आसपास असते. द्रावण रक्ताहून विरळ असल्याने पाणी आतड्यातून रक्ताकडे जाण्यास अनुकूलता राहते. पूर्वीच्या सूत्रात हा आकडा ३११ होता; २००२ मध्ये तो कमी करण्यात आला.

याउलट लिटरला १०० ग्रॅम साखर असलेले एखादे गोड पेय घेऊ. साखरेच्या एका मोलचे वस्तुमान ३४२ ग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅम साखर सुमारे २९२ मिलिमोल होते. आतड्यात विकराच्या क्रियेने तिच्या प्रत्येक रेणूचे ग्लुकोज व फ्रुक्टोज असे दोन रेणू होतात आणि कणसंख्या ५८५ च्या घरात जाते. सोडियम मात्र नाममात्र. असे पेय अतिसाराने आधीच शुष्क झालेल्या बालकास पाजल्यास पाणी आतड्यातून रक्तात जाण्याऐवजी रक्तातून आतड्यात येऊ शकते. म्हणजे औषध समजून दिलेल्या पेयाने अतिसार वाढतो. भारतात अशी गोड पेये ओआरएसशी साधर्म्य असलेल्या नावांनी अनेक वर्षे विकली जात होती. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास मनाई केली. या निर्णयामागील युक्तिवाद समजण्यास अकरावीच्या वर्गातील मोल व परासरण या दोन संकल्पनांपलीकडे काहीही लागत नाही.

घरगुती जलसंजीवनीसाठी सांगितले जाणारे प्रमाण, एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ, याच कसोटीवर तपासून पाहता येते. सहा चमचे साखर म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. तिच्यापासून सुमारे ७३ मिलिमोल ग्लुकोज मिळते. अर्ध्या चमच्यात सुमारे ३ ग्रॅम मीठ मावते, त्यातून ५१ मिलिमोल सोडियम. पुडीतील सूत्राच्या तुलनेत हे सोडियम कमी आहे आणि पोटॅशियम तर नाहीच. तथापि ग्लुकोजचे प्रमाण आश्चर्यकारक रीतीने जुळते. चमचा शिगोशीग भरला तर हे गणित बिघडते, म्हणून ‘सपाट’ या शब्दाला येथे खरे मोल आहे. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून प्रयोगशाळेतील तराजूवर घरातील चमचे तोलून घेतल्यास तो तास सहसा विसरला जात नाही.

सामू व बफर

सामू ही हायड्रोजन आयनांच्या संहतीची लघुगणकीय मोजपट्टी होय. ती १९०९ मध्ये कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी रूढ केली. लघुगणकीय म्हणजे काय, हे वाक्यात सांगणे सोपे आणि मनात ठसवणे कठीण असते. दुधाचा सामू साधारण ६.७ असतो. विरजणातील जीवाणू दुग्धशर्करेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि सामू ४.६ च्या आसपास आला की केसीन या प्रथिनाच्या कणांवरील निव्वळ ऋण प्रभार नाहीसा होतो. एकमेकांना दूर ठेवणारा प्रभार गेल्यामुळे कण एकत्र येतात व दही लागते. ६.७ ते ४.६ हे अंतर जेमतेम दोन अंकांचे दिसते. हायड्रोजन आयनांची संहती मात्र तेवढ्यात सुमारे सव्वाशे पट झालेली असते.

रक्ताच्या बाबतीत ही मोजपट्टी अधिकच फसवी ठरते. निरोगी व्यक्तीच्या धमन्यांतील रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या दरम्यान असतो. सामू ७.४ असता हायड्रोजन आयनांची संहती लिटरला सुमारे ४० नॅनोमोल असते, तो ७.१ झाला तर ती सुमारे ८० नॅनोमोल होते. विद्यार्थी हा फरक ‘शून्य पूर्णांक तीन’ असा वाचतो आणि त्यात त्याला काही गंभीर वाटत नाही. अतिदक्षता विभागातील डॉक्टरांच्या दृष्टीने मात्र आयनांची संख्या दुप्पट झालेली असते. प्रथिनांतील अमिनो आम्लांच्या बाजूच्या गटांवर कोणता प्रभार राहणार, हे सभोवतालच्या सामूवर अवलंबून असते. प्रभार बदलला की घडी बदलते आणि घडी बदलली की विकराचे कार्य मंदावते. सामू राखणे म्हणजे प्रथिनांचा आकार राखणे होय.

हे कार्य मुख्यतः कार्बनिक आम्ल व बायकार्बोनेट यांची जोडी करते. रक्तात बायकार्बोनेट सुमारे २४ मिलिमोल आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड सुमारे १.२ मिलिमोल, म्हणजे २० : १ असे प्रमाण असते. २० चा लघुगणक १.३, या जोडीचा स्थिरांक ६.१, दोहोंची बेरीज ७.४. पाठ केलेला आकडा असा हिशेबातून बाहेर पडतो. येथे चौकस विद्यार्थ्याने एक शंका विचारायला हवी. कोणतेही बफर त्याच्या स्थिरांकाच्या जवळपास सर्वांत प्रभावी असते असे रसायनशास्त्रात शिकवले जाते; मग ६.१ स्थिरांक असलेली जोडी ७.४ ला उपयोगी कशी पडते? चंचुपात्रात ती खरोखरच फारशी उपयोगी पडत नाही. परंतु शरीर हे बंद चंचुपात्र नाही. तयार झालेला कार्बन डायऑक्साइड फुप्फुसे बाहेर टाकतात आणि बायकार्बोनेटची पातळी मूत्रपिंडे राखतात. त्यामुळे गुणोत्तराचे दोन्ही अंक स्वतंत्रपणे हलवता येतात. जिना धावत चढल्यावर लागणारी धाप हा याच रासायनिक समतोलाशी निगडित असा अनुभव होय.

मुक्त ऊर्जा आणि एटीपीविषयीचा गैरसमज

एटीपीच्या संदर्भात ‘ऊर्जासंपन्न बंध’ हा शब्दप्रयोग सर्रास आढळतो. १९४१ मध्ये फ्रिट्झ लिपमन यांनी या अर्थाची कल्पना व तिच्यासाठी नागमोडी रेषेचे चिन्ह रूढ केले. त्यांचा आशय अचूक होता, परंतु पुढे त्याचा विपर्यास झाला. फॉस्फेटचा बंध तुटला की त्यात कोंडलेली ऊर्जा बाहेर पडते, असे विद्यार्थी समजतात आणि काही पाठ्यपुस्तकेही तसेच लिहितात. हे रसायनशास्त्राच्या पहिल्याच धड्याशी विसंगत आहे. कोणताही बंध तोडण्यास ऊर्जा लागते. बंध जुळताना ती मुक्त होते. एटीपीच्या जलअपघटनात ऊर्जा उपलब्ध होते ती तयार होणारे पदार्थ मूळ पदार्थांहून अधिक स्थिर असतात म्हणून. एटीपीत शेजारी शेजारी बसलेले ऋण प्रभार विलग होतात, सुटलेल्या फॉस्फेटमध्ये इलेक्ट्रॉन अधिक मोकळेपणाने विभागले जातात आणि पाण्याचे रेणू त्यांना वेढून घेतात.

याहूनही दुर्लक्षित राहिलेली बाब समतोलाची आहे. प्रमाण परिस्थितीत एटीपीच्या जलअपघटनाचा मुक्त ऊर्जेतील बदल दर मोलला उणे ३०.५ किलोज्यूल असतो. जिवंत पेशीत तो उणे ५० च्या आसपास जातो. रेणू तोच, बंध तोच; मग हा फरक कोठून आला? पेशी एटीपीचे प्रमाण एडीपी व फॉस्फेटच्या तुलनेत समतोलापासून फार दूर, चढे ठेवते. धरणातील पाण्याची शक्ती पाण्यात नसते, पातळ्यांतील फरकात असते; तसेच येथे घडते. पेशीतील सर्व अभिक्रिया समतोलास पोहोचल्या तर एटीपी शिल्लक असूनही त्याचा उपयोग उरणार नाही. त्या अवस्थेचे जीवशास्त्रीय नाव मृत्यू असे आहे. विकरे अभिक्रियेची सक्रियण ऊर्जा कमी करून तिचा वेग वाढवतात, समतोलाचे स्थान बदलत नाहीत, हेही याच ठिकाणी स्पष्ट करणे सोयीचे ठरते.

एटीपीच्या इतिहासात एका भारतीयाचे नाव येते, त्याचा उल्लेख वर्गात व्हावयास हवा. आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी हार्वर्ड येथे सायरस फिस्के यांच्यासमवेत फॉस्फरसच्या मापनाची पद्धत १९२५ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच पद्धतीच्या आधारे पुढे स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन व एटीपी यांचा शोध लागला. एटीपीच्या बाबतीत कार्ल लोमान यांनीही १९२९ मध्ये स्वतंत्रपणे हेच कार्य केले.

दुर्बल बंधांचे सामर्थ्य : सिकलसेल

जीवशास्त्रातील महत्त्वाच्या रचना सहसंयुज बंधांच्या साखळ्यांनी बनलेल्या असल्या तरी त्यांचा आकार दुर्बल बंधांनी ठरतो. डीएनएच्या दोन धाग्यांमध्ये ॲडेनिन व थायमिन यांना जोडणारे दोन आणि ग्वानिन व सायटोसिन यांना जोडणारे तीन हायड्रोजन बंध असतात. ते दुर्बल आहेत म्हणूनच पेशीविभाजनापूर्वी धागे उलगडता येतात. पुष्कळ आहेत म्हणूनच एरवी ते विलग होत नाहीत. अशा बंधांच्या जाळ्यात एक फेरफार झाला तर काय होते, याचे उदाहरण विदर्भातील, तसेच नंदुरबार, धुळे व गडचिरोली यांसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यांतील अध्यापकांच्या वर्गातच बसलेले असू शकते.

प्रौढ मानवी हिमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या व एकूण ५७४ अमिनो आम्ले असतात. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकलसेलच्या रुग्णांचे हिमोग्लोबिन विद्युत क्षेत्रात निराळ्या वेगाने सरकते, म्हणजेच त्यावरील प्रभार निराळा आहे, हे दाखवले. एखाद्या आजाराचे मूळ एका विशिष्ट रेणूत आहे असे प्रथमच सिद्ध झाले. १९५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो फरक नेमका शोधला : बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. १४६ अमिनो आम्लांच्या साखळीत केवळ एक बदल.

हा बदल इतका घातक का ठरावा? याचे उत्तर पूर्वी आलेल्या संकल्पनांतच आहे. रक्ताच्या सामूला ग्लुटामिक आम्लाची बाजूची साखळी ऋण प्रभारित व जलस्नेही असते. ती पाण्याच्या सान्निध्यात सुखाने राहते. व्हॅलिनची साखळी प्रभारहीन व जलविरोधी आहे. प्रथिनाच्या पृष्ठभागावर, पाण्यात उघडी पडलेली ही जागा म्हणजे रेणूवर बसलेला तेलाचा ठिपकाच होय. हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडून देते तेव्हा त्याच्या आकारात बदल होतो आणि शेजारच्या रेणूवर एक जलविरोधी खोबण उघडी पडते. पहिल्या रेणूतील व्हॅलिन तीत अचूक बसते. तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन अत्यंत दाटीने भरलेले असते. त्यामुळे एकास एक जोडून रेणूंचे लांब, ताठ तंतू बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यातून तीव्र वेदना, रक्तक्षय व अवयवांची हानी उद्भवते. ऑक्सिजन परत मिळाला की तंतू विरघळतात, परंतु वारंवार वाकून पेशीचे पटल निकामी होते.

शरीरातील पाणी कमी झाले की पेशीतील हिमोग्लोबिनची संहती वाढते व तंतू लवकर बनतात. उन्हाळ्यात शेतावर वा खाणीत काम करणाऱ्या रुग्णास भरपूर पाणी पिण्याचा सल्ला दिला जातो, त्यामागे संहतीचे हे गणित आहे.

राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा प्रारंभ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे झाला. शून्य ते ४० वर्षे वयोगटातील सात कोटी व्यक्तींची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणी शिबिरांतून वापरल्या जाणाऱ्या विद्राव्यता चाचणीत रक्ताच्या थेंबात सोडियम डायथायोनाइट हे क्षपणक मिसळतात. ते ऑक्सिजन काढून घेते, सदोष हिमोग्लोबिन अविद्राव्य होते आणि नळीतील द्रव गढूळ दिसू लागतो. चाचणी स्वस्त व जलद आहे, परंतु तिला एक मर्यादा आहे. सदोष जनुक आईवडील दोघांकडून आलेल्या रुग्णाचे आणि एकाकडूनच आलेल्या निरोगी वाहकाचे रक्त, दोन्ही तिच्यात गढूळच होतात. त्यांतील भेद कळण्यासाठी हिमोग्लोबिनचे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा तत्सम चाचणी करावी लागते. तेथे पुन्हा प्रभाराचेच तत्त्व उपयोगी पडते. प्रत्येक बीटा साखळीतील एक ऋण प्रभार गमावल्यामुळे सदोष हिमोग्लोबिन धन ध्रुवाकडे हळू सरकते. वाहकाच्या रक्तात दोन ठळक पट्टे दिसतात. रुग्णाच्या रक्तात नेहमीच्या प्रौढ हिमोग्लोबिनचा पट्टा नसतो.

हा भेद कुटुंबासाठी निर्णायक असतो. दोन्ही जोडीदार वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्यास आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. एकच जोडीदार वाहक व दुसरा पूर्णतः निरोगी असेल तर अपत्य वाहक होऊ शकते, रुग्ण नव्हे. तरीही पहिल्या चाचणीचा निकाल ‘पॉझिटिव्ह’ आला एवढ्यावरून वाहक मुलीस आजारी ठरवून तिचे लग्न मोडण्याची भीती खेड्यापाड्यांतून असते. दुसऱ्या चाचणीचा कागद हाती येईपर्यंत त्या गढूळ नळीचा अर्थ घरच्यांना समजावून सांगणारे कोणी गावात असावे लागते, आणि पुष्कळदा ती व्यक्ती जवळच्या महाविद्यालयात विज्ञान शिकलेली एखादी विद्यार्थिनीच असते.